धाब्याच्या घरातून ऑफिस: खान्देशातल्या गावात नेट स्लो असताना काम कसं करावं

गावी राहून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम करायचं ठरवून कुणी घरी आलं, की पहिल्या आठवड्यातच दोन खर्च होतात. एक नवा फाइव्ह-जी मोबाईल आणि दुसरा मोठा रिचार्ज. माझी विनंती आहे, पहिले तीन दिवस पैसे खिशातच ठेवा. नेट स्लो चालण्यामागे तीन वेगवेगळी दुखणी असतात. रेंजच कमी असते, किंवा रेंज भरपूर पण टॉवरवर गर्दी असते, किंवा हे दोन्ही ठीक असून आपलाच लॅपटॉप मागच्या मागे डेटा ओढत असतो. वरून तिन्ही सारखीच दिसतात, स्क्रीनवर गोल फिरत राहतं. पण रेंजच्या दुखण्यावर जागा बदलावी लागते, गर्दीच्या दुखण्यावर वेळ किंवा सिम, आणि तिसऱ्यावर सेटिंग. दुखणं न ओळखता घेतलेला नवा मोबाईल जुन्यासारखाच त्याच कोपऱ्यात अडकून बसतो.

मी २०२१ पासून अमळनेर तालुक्यातल्या सासरच्या गावातून पुण्यातल्या एका फर्मचं हिशेबाचं काम करते. जीएसटीची रिटर्न, टॅलीतल्या नोंदी, बँकेचा ताळमेळ. घर धाब्याचं आहे. मातीची दीड हात जाड भिंत, वर लाकडाचे सरे आणि त्यावर पुन्हा मातीचं सपाट छत, तेच धाबं. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना आत बसवतं ते या भिंतींमुळेच. रेंजला आडवी येते तीही हीच भिंत. सुरुवातीचे दोन महिने मी कंपनी बदलायची, रिचार्ज बदलायची, मोबाईल बदलायची. मोजायला मात्र कधी बसले नाही. म्हणून पहिली पायरी मोजण्याची.

पहिली पायरी: तीन दिवस वहीत लिहा

मोबाईलवरच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनीचा मोबाईल त्या आपापल्या हिशेबाने दाखवतो. खरा आकडा सेटिंगमध्ये असतो. ‘फोनबद्दल’ मध्ये जा, तिथे ‘स्टेटस’ आणि मग ‘सिम स्टेटस’ उघडा. ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ पुढे उणे चिन्हासह एक आकडा आणि डीबीएम हे एकक दिसेल. काही मोबाईलमध्ये हा रस्ता थोडा वेगळा असतो, म्हणून सेटिंगच्या शोधपट्टीत ‘सिग्नल’ टाकून बघा. फोर-जीचा आकडा उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम. उणे १०० पर्यंत काम चालतं. उणे ११० च्या खाली गेलं की ओढाताण सुरू होते, आणि उणे १२० ला नेट असून नसल्यासारखं.

हा आकडा साध्या बेरजेने वाढत नाही. दहाचा फरक पडला की सिग्नलची ताकद दहापट बदलते, वीसचा पडला की शंभरपट. आमच्या घरी स्वयंपाकघरात उणे ११८ यायचं, ओसरीत उणे १०९, आणि धाब्यावर चढलं की उणे ९३. स्वयंपाकघर ते धाबं हा पंचवीसचा फरक म्हणजे तीनशेपटीहून जास्त. घर तेच, सिम तेच, मोबाईलही तोच.

आता वहीत चार रकाने पाडा: वेळ, जागा, डीबीएम, वेग. सकाळी सातला, दुपारी एकला आणि रात्री नऊला एकाच जागी उभं राहून वेग मोजा. ट्राय, म्हणजे देशातल्या मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिचं ‘मायस्पीड’ ॲप त्यासाठी चांगलं आहे. वेग मोजताना डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, खालचे दोन आकडेही लिहा. अपलोड म्हणजे आपल्याकडून जाणारा डेटा. मीटिंगमध्ये आपला आवाज तुटतो तो अपलोडमुळे. पिंग म्हणजे एक निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. पिंग शंभरच्या आत असेल तर बोलणं नीट होतं. तो कधी साठ, कधी सातशे असा उड्या मारत असेल, तर वेग चांगला दिसूनही समोरच्याला आपण अडखळतच ऐकू येतो.

तीन दिवसांनी वही उघडली की दुखणं कळतं. तिन्ही वेळा डीबीएम खराब आणि वेगही कमी असेल, तर रेंजचं दुखणं. डीबीएम दिवसभर सारखाच चांगला, पण सकाळी सातला १८ एमबीपीएस आणि रात्री नऊला १ सुद्धा नाही, तर टॉवरवर गर्दी. मोबाईलवर वेग चांगला आणि लॅपटॉप जोडला की सगळं ठप्प, तर लॅपटॉपचं दुखणं.

किती वेग पुरतो, तेही सांगते, कारण त्याची भीती उगाच मोठी असते. नुसत्या आवाजाच्या ऑनलाइन कॉलला शंभर केबीपीएसच्या आत भागतं (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस). दोघांच्या व्हिडिओ कॉलला जाता-येता प्रत्येकी सहाशे केबीपीएस लागतात. म्हणजे कॅमेरा लावून तासभर बोललं तर पाचशे एमबीच्या पुढे डेटा जातो, आणि कॅमेरा बंद ठेवला तर साधारण सत्तर. एक एमबीपीएसचं स्थिर अपलोड मिळत असेल तर हिशेब, लेखन, भाषांतर, कोडिंग, ग्राहकसेवा ही सगळी कामं गावातून होतात. त्यातला ‘स्थिर’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

दुसरी पायरी: घरातली जागा शोधा

रेंजचं दुखणं निघालं तर आधी टॉवर कोणत्या दिशेला आहे ते ओळखा. त्याची एक सोपी रीत आहे. धाब्यावर किंवा अंगणात मोकळ्यावर उभं राहा, डीबीएमचा आकडा समोर येईल असा मोबाईल छातीशी धरा आणि हळूहळू गोल फिरा. प्रत्येक दिशेला दहा-पंधरा सेकंद थांबा, आकडा बदलायला तेवढा वेळ लागतो. आपलं शरीर रेंज अडवतं. त्यामुळे टॉवरकडे पाठ झाली की आकडा पडतो आणि तोंड झालं की सुधारतो. दोन-तीन फेऱ्यांत दिशा कळते. मग घराची त्या बाजूची खिडकी, माडी किंवा झरोका शोधायचा.

आमच्याकडे हे मला जेठांनी शिकवलं, त्यांना सगळे जिभाऊ म्हणतात. मी वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते, तेव्हा ते धाब्यावर मका पसरत होते. वरूनच म्हणाले, ‘आठे रेंज शे, आठे ये.’ म्हणजे इथे रेंज आहे, इथे ये. मातीत राबणाऱ्या माणसाला शिवारात कुठल्या बांधावर फोन लागतो ते नेमकं माहीत असतं. तुमच्या गावातही आधी त्यांनाच विचारा.

जागा बघताना लोखंडापासून लांब राहा. पत्र्याचं छत रेंज जवळजवळ पूर्ण अडवतं, म्हणून पत्र्याच्या खोलीत बसायचं तर खिडकीला चिकटून बसावं लागतं. धान्याच्या लोखंडी कोठ्या, गोदरेजचं कपाट, फ्रिज, खिडकीची बारीक धातूची जाळी, सगळ्यांचा अडथळा होतो. एका ओळखीच्या मुलाचं टेबल दोन फूट सरकवून कोठीमागून बाहेर काढलं आणि त्याच्या मीटिंग तुटायच्या थांबल्या. मोबाईल स्टीलच्या भांड्यात ठेवणं किंवा मागे ‘सिग्नल वाढवणारं’ स्टिकर चिकटवणं याने काहीही होत नाही.

केळीच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर, यावल, चोपड्याकडे, आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. केळीचं पान रुंद आणि पाण्याने भरलेलं असतं, आणि पाणी रेंज शोषून घेतं. घर आणि टॉवरच्या मध्ये दाट बाग असेल तर लागवडीनंतर दोन महिन्यांनी जी रेंज होती ती बाग डोक्यावर गेल्यावर राहत नाही. मोबाईल बिघडला असं वाटतं, पण वाढलेली असते ती केळ. अशा ठिकाणी उंचीच कामी येते. मोबाईल बागेच्या वर, माडीवर नेऊन बघा. पारोळा-धरणगावकडच्या कपाशीच्या उघड्या शिवारात हा त्रास नसतो. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत झाडांपेक्षा डोंगर आडवा येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरची पोरं ऑनलाइन शाळेसाठी टेकडीवर जाऊन बसायची, ती याचमुळे. तिथे घरातली जागा बदलून फार फरक पडत नाही.

चांगली जागा मिळाली की तिथे तुम्ही बसायची गरज नाही, मोबाईल बसला की झालं. खिडकीच्या वर खिळ्याला कापडी पिशवी टांगा, त्यात मोबाईल ठेवा, हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप घेऊन सावलीत बसा. मध्ये जाड भिंत नसेल तर हॉटस्पॉट एका खोलीचं अंतर सहज पार करतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे पर्याय असतात. भिंत मध्ये असेल तर २.४ घ्या. लॅपटॉप खिडकीजवळच असेल तर यूएसबी केबल लावून ‘यूएसबी टेदरिंग’ वापरा, ते हॉटस्पॉटपेक्षा जास्त स्थिर चालतं. केबल पाच मीटरपेक्षा लांब नको.

उन्हाळ्यात मात्र मोबाईलवर लक्ष ठेवा. आयफोनची कंपनीच सांगते की फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, आणि आपल्याकडे एप्रिलपासून दुपारची सावलीसुद्धा त्याच्या वर असते. मोबाईल तापला की तो स्वतःला वाचवायला आधी चार्जिंग थांबवतो, मग वेग कमी करतो, शेवटी बंद पडतो. थेट उन्हाची खिडकी टाळा, कव्हर काढा, हॉटस्पॉट चालू असताना चार्जिंग लावू नका, आणि पंख्याचा वारा मोबाईलवर येईल असं बघा. थंड करायला फ्रिजमध्ये किंवा माठाला टेकवून ठेवू नका, आत दव धरतं आणि मोबाईल कायमचा जातो.

तिसरी पायरी: गर्दी ओळखा, सिम निवडा

गर्दीच्या दुखण्यात आपल्या हातात कमी असतं, पण अंदाज बांधता येतो. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि ती त्या क्षणी जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते. रात्री जेवणं झाल्यावर अख्खं गाव व्हिडिओ बघतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला सुरत-पुण्याला गेलेली सगळी माणसं घरी येतात. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या, सणाला तर भाऊबंदकीतलं एकही घर रिकामं राहत नाही. त्या दिवशी पाहुण्यांइतकेच मोबाईलही वाढलेले असतात. सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांनाही तोच अनुभव. हे दिवस आधीपासून कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि जड कामं त्याआधी उरका. जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायची मुदत २० तारीख असली तरी मी माझ्याकडची रिटर्न १७ पर्यंत भरून टाकते.

रोजच्या दिवसात पहाटे चार ते सकाळी सातपर्यंत टॉवर मोकळा असतो. मोठ्या फाइल चढवणं, बॅकअप, अपडेट या सगळ्यांना ती वेळ द्या. मीटिंग सकाळी मागून घ्या. बहुतेक साहेब कारण सांगितल्यावर ऐकतात.

गर्दी एकाच कंपनीच्या टॉवरवर असू शकते. म्हणून दोन सिम वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा. दुसरं कोणतं घ्यावं ते जाहिरात बघून ठरवू नका. घरी आलेल्या पाहुण्याचा, दूधवाल्या दादाचा, शाळेतल्या सरांचा मोबाईल पाच मिनिटं मागून घ्या, तुमच्या खिडकीत ठेवा आणि रात्री नऊला वेग मोजा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर रेंजचा नकाशा द्यावा लागतो, तोही बघा. पण नकाशा गावाचा असतो आणि आपल्याला गरज आपल्या खिडकीची असते, त्यामुळे शेवटचा शब्द वहीचा. बीएसएनएलला आधीच नाही म्हणू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं स्वदेशी फोर-जी देशभर सुरू झालं, आणि जिथे त्यांचा टॉवर आहे पण ग्राहक थोडे आहेत तिथे रात्रीही वेग टिकण्याची शक्यता असते.

कंपनी बदलायचीच असेल तर इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द, मध्ये जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात, आणि सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं.

फाइव्ह-जीबद्दल नव्या माणसांचा गैरसमज होतो. भारतात ते ऑक्टोबर २०२२ पासून आहे, तालुक्याच्या गावी छान चालतं. पण ते मुख्यतः ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. या लहरी डेटा भरपूर वाहतात, पण लांब जात नाहीत आणि जाड भिंत त्यांना पार होत नाही. फोर-जीच्या ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी कमी डेटा वाहतात, पण लांब पोचतात आणि घरात शिरतात. गावाच्या कडेच्या घरात मोबाईल फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये सारखा ये-जा करत राहतो, आणि प्रत्येक वेळी मीटिंग क्षणभर अडकते. सेटिंगमध्ये ‘पसंतीचं नेटवर्क’ फोर-जी करून दोन दिवस बघा. बऱ्याच जणांचं अर्धं दुखणं इथेच संपतं.

सीमेवरच्या गावांसाठी एक टीप. रावेर-मुक्ताईनगरच्या कडेला मोबाईल मध्य प्रदेशचा टॉवर पकडतो, नवापूरकडे गुजरातचा. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. अशा ठिकाणी रेंज पूर्ण दिसते आणि नेट अचानक बंद होतं, कारण मोबाईलमधलं ‘डेटा रोमिंग’ बंद असतं. ते चालू करा. देशात त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

चौथी पायरी: गळती बंद करा

ही पायरी अर्ध्या तासाची आहे आणि फुकट आहे. लॅपटॉपला हॉटस्पॉट जोडला की विंडोजला वाटतं घरात वायफाय आलं, आणि ते अपडेट उतरवायला लागतं. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर क्लिक करून ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांचं आपोआप सिंक थांबवा, पहाटे चालू करा. मोबाईलमध्ये ‘डेटा सेव्हर’ चालू करा, गूगल फोटोजचा बॅकअप बंद करा, प्ले स्टोअरचे अपडेट हाताने करा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. गावच्या आणि नात्यातल्या ग्रुपवर रोज सकाळी येणारे शुभेच्छांचे व्हिडिओ एकट्याने शंभर-दोनशे एमबी खातात. तिथेच ‘कॉलसाठी कमी डेटा वापरा’ हाही पर्याय आहे. घरातल्या पोरांना हॉटस्पॉटचा पासवर्ड देऊ नका. वाईट वाटतं, पण मीटिंगच्या वेळेपुरतं हे सांभाळावंच लागतं.

पाचवी पायरी: मीटिंग

माझी सगळ्यात वाईट मीटिंग नेटमुळे बिघडली नव्हती. क्लायंटसमोर वर्षाचा ताळेबंद समजावत होते, आणि मध्येच सगळं बंद. दोन मिनिटांनी परत जोडले, पुन्हा बंद. नंतर कळलं, पारोळ्याहून आत्या फोन लावत होत्या. माझ्या मोबाईलमध्ये ‘व्होल्टी’, म्हणजे फोर-जीवरूनच साधा कॉल चालवायची सोय, बंद होतं. ते बंद असताना कॉल आला की मोबाईल फोर-जी सोडून जुन्या नेटवर्कवर जातो आणि कॉल संपेपर्यंत हॉटस्पॉट थांबतो. दोन सिमच्या बऱ्याच मोबाईलमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला तरी हेच होतं. तेव्हा दोन गोष्टी करा. दोन्ही सिमचं व्होल्टी चालू आहे का ते बघा. आणि जमलं तर हॉटस्पॉटसाठी घरातला जुना फोर-जी मोबाईल वेगळा ठेवा, त्यात असं सिम घाला की ज्याचा नंबर कुणाकडे नाही. दोन-अडीच हजारांचा वापरलेला मोबाईलही त्याला पुरतो.

मीटिंगच्या दहा मिनिटं आधी लॅपटॉपवरचे बाकीचे टॅब बंद करा. कॅमेरा सुरुवातीला नमस्कारापुरता लावा आणि ‘नेटमुळे कॅमेरा बंद ठेवते’ असं स्पष्ट सांगून बंद करा. न सांगता बंद केला तर माणूस लक्ष देत नाही असं समोरच्याला वाटतं. ‘इनकमिंग व्हिडिओ बंद’ हा पर्याय असेल तर तोही लावा, म्हणजे इतरांचे चेहरे उतरवण्यात डेटा जात नाही. दाखवायची फाइल आदल्या दिवशी मेलवर पाठवा. मग मध्येच तुटलं तरी लोक ती उघडून पुढे वाचतात. झूम, मीट, टीम्स यांच्या निमंत्रणात कधीकधी साध्या फोनवरून जोडायचा नंबर असतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नेट पूर्ण गेलं तरी साधा कॉल लागतो, आणि माणसाचा आवाज पोचला की मीटिंग वाचते. तुटल्यावर काय करायचं तेही टीमशी आधी ठरवा. आमचा नियम असा आहे: मी गेले तर पाच मिनिटं थांबू नका, पुढे चला, मी एसएमएस करीन. कमी रेंजमध्येही एसएमएस पोचतो.

सहावी पायरी: नेटशिवाय चालेल असं काम मांडा

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण फायदा इथेच सगळ्यात मोठा आहे. दिवसभर नेटवर टेकून चालणारं काम आणि दिवसातून चार वेळा नेट लागणारं काम, यातलं दुसरं गावातून निभावतं. आपलं काम तसं करता येतं का ते एकेक तुकडा घेऊन बघा.

माझं उदाहरण देते. फर्मच्या सर्व्हरवरची टॅली मी आधी रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे तिथला संगणक नेटवरून इथे बसून चालवत, वापरायचे. त्याला डेटा कमी लागतो, पण पिंग चांगला लागतो. आमच्या पिंगवर एक आकडा टाईप केला की तो दिसायला दोन सेकंद जायचे. दिवसाला दीडशे नोंदी म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. मग साहेबांशी बोलून माझ्या लॅपटॉपवर टॅली घेतली. आता सकाळी बँकेची स्टेटमेंट एकदाच उतरवते, दिवसभर नेट बंद ठेवून नोंदी करते आणि संध्याकाळी पाचला, गर्दी व्हायच्या आत, बॅकअप फाइल पाठवते. ती फाइल झिप केल्यावर फारच लहान होते. नेट दिवसात तासभर लागतं, आणि लक्षही कमी विचलित होतं.

तुमचं काम लिहिण्याचं असेल तर गूगल डॉक्स आणि जीमेल दोन्हींत ऑफलाइन वापरायची सोय आहे, चांगल्या नेटवर असताना ती एकदा चालू करून ठेवा. कोडिंग असेल तर कोड सांभाळणारं गिट मुळातच असं बनलेलं आहे की दिवसभर आपल्या मशीनवर काम करावं आणि शेवटी एकदा पुश करावं, म्हणजे सर्व्हरवर चढवावं. लायब्ररीची कागदपत्रं आधीच उतरवून ठेवा. डिझाइनवाल्यांनी कच्चं काम बघायला पाठवताना छोटा फोटो पाठवावा, मोठी फाइल शेवटी एकदाच. स्कॅन केलेली पीडीएफ पाठवण्याआधी तिचा आकार कमी करा. रंगीत स्कॅन ब्लॅक अँड व्हाइट केलं तरी ते कितीतरी हलकं होतं.

आणि वीस-तीस जीबीचं काम असेल तर मोबाईल नेटचा हट्ट सोडा. पेन ड्राइव्हमध्ये घालून एसटीने तालुक्याला जा, जिथे फायबर आहे अशा सायबर कॅफेतून किंवा मित्राच्या ऑफिसातून तासाभरात चढवून या. दोन तास जातात, पण गावातून तीच फाइल तीन रात्री चढत राहिली असती.

सातवी पायरी: लाईट

लाईट गेली की नेटही जातं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. टॉवरला बॅटरी असते आणि ती काही तास चालते. म्हणून लाईट गेल्यावर लगेच जे महत्त्वाचं ते पाठवून टाका. वादळात तार तुटून लाईट दिवसभर गेली तर टॉवरही बसतो, आणि अशा वेळी शेजारच्या गावातली दुसऱ्या कंपनीची रेंज उपयोगी पडते. लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल तर आधी ती बदला, इन्व्हर्टर नंतर. राउटर असेल तर त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, राउटर दहा-बारा वॅटच खातो म्हणून तो बराच वेळ टिकतो. मळ्यातल्या घरात राहणाऱ्यांनी आपली लाईन गावठाण फीडरवर (गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाईनवर) आहे की शेतीच्या, ते वायरमन दादांना विचारून घ्यावं. शेतीच्या फीडरचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि कामाच्या वेळा त्यावर बसवाव्या लागतात.

इतकं करूनही भागलं नाही, तर खर्च

सिम घालायचा फोर-जी राउटर मोबाईलपेक्षा चांगला चालतो, कारण त्याचा अँटेना मोठा असतो, तो तापत नाही आणि त्याला कुणाचा फोन येत नाही. बाहेरचा अँटेना लावायची सोय असलेलाच घ्या. टॉवर तीन-चार किलोमीटरवर असेल तर गच्चीवर टॉवरच्या दिशेने लावलेला, एकाच दिशेची रेंज पकडणारा अँटेना मोठा फरक करतो. फोर-जी एकाच वेळी दोन वाटांनी डेटा आणतं, म्हणून दोन केबलचा अँटेना हवा. अँटेनाची केबल जितकी लांब तितकं सिग्नलचं नुकसान. त्यामुळे राउटर खाली ठेवून वीस मीटर अँटेना-केबल ओढण्याऐवजी राउटरच वर माडीत, पाणी-उन्हापासून झाकून ठेवा आणि खाली लॅनची वायर आणा. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत वेग न गमावता चालते. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की अँटेनाची आणि लाईटची वायर काढून ठेवा.

बाजारात ‘मोबाईल सिग्नल बूस्टर’ मिळतात. घेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय ते विकणं, बाळगणं, लावणं बेकायदा आहे. आणि त्यांचा गोंगाट टॉवरपर्यंत जाऊन अख्ख्या गावाची रेंज बिघडते.

तक्रार करायची असेल तर कंपनीच्या १९८ या मोफत नंबरवर करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. तुमच्या तीन दिवसांच्या नोंदी इथे कामाला येतात. ‘नेट चालत नाही’ यापेक्षा ‘रेंज उणे ९२, सकाळी १८ एमबीपीएस, रात्री नऊला ०.४’ हे सांगितलं की प्रश्न क्षमतेचा आहे हे त्यांना नाकारता येत नाही. समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. गावातल्या दहा जणांनी एकाच आठवड्यात वेगवेगळ्या तक्रारी केल्या तर जास्त बरं.

शेवटी ग्रामपंचायतीत जाऊन फायबरची चौकशी करा. पंचायतीपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, आज ती भारतनेट नावाने चालते. अनेक गावांत पंचायतीच्या कपाटाशेजारी तो डबा भिंतीवर लागलेला आहे. ग्रामसेवक भाऊसाहेबांना तीन गोष्टी विचारा: डब्यातला दिवा लागतो का, घरोघरी जोडणी देणारा माणूस तालुक्यात कोण आहे, आणि वायर तुटली तर जोडायला किती दिवसांत येतात. रस्त्याच्या कामात जेसीबीने किंवा बांधावर नांगराने वायर तुटते, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे आधीच जोडणी आहे त्यांच्याकडूनही घ्या. फायबर आलं तरी मोबाईलचं सिम आणि खिडकीवरची कापडी पिशवी काढू नका. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात वायर नऊ दिवस तुटलेली होती, आणि त्या महिन्याची सगळी रिटर्न त्या पिशवीतूनच गेली.